घरीं बनविलेल्या सहा कळा

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द श्रोत्यांनीं एकदां मोठ्यानें उच्चारून पाहावेत. पहिल्या शब्दांत ‘द’वर आघात पडतो, दुसऱ्यांत पडत नाहीं. पहिला समुद्र, दुसऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद लहान मुलाच्या कानालाही कळतो. परंतु संगणकावर किंवा खिशांतल्या फोनवर लिहिलेलें मराठी वाचूं लागलें, कीं सह्याद्रीला ‘दर्या’ लाभलेल्या दिसतात, वऱ्हाडचें ‘वर्हाड’ होतें, आणि लग्नाच्या स्वयंपाकासाठीं आचाऱ्यांना धाडलेलें बोलावणें आचार्यांच्या हातीं पडतें. लिहिणाराला शुद्ध रूप ठाऊक नसतें असें नव्हे. हवें तें अक्षर कोणत्या कळेखालीं दडलें आहे हें त्याला सांपडत नाहीं, इतकेंच. एकदां शोधतो, दोनदां शोधतो, आणि मग हाताशीं असलेल्या रफारावर वेळ भागवितो.

यंत्रापायीं आपल्या लिपीनें अंग चोरण्याची ही पहिली वेळ नव्हे. टाइपरायटरवर चाळीस-पंचेचाळीस कळा, आणि प्रत्येकीवर दोन चिन्हें. एवढ्या जागेंत स्वर, मात्रा, अर्धीं अक्षरें आणि जोडाक्षरें बसवावयाचीं म्हणजे एका बिऱ्हाडांत चार कुटुंबें कोंबण्यासारखेंच होतें. १९३० नंतरच्या दशकांत लिपिसुधारणेचा वाद रंगला त्याच्या मुळाशीं छापखान्याची व टाइपरायटरची ही अडचण मोठ्या प्रमाणांत होती. सावरकरांनीं मराठींत आणि काका कालेलकरांनीं हिंदींत ‘अि, अी, अु, अू’ अशा ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. त्या सूचनेंत तर्क होता, तळमळही होती. पण लोकांच्या डोळ्यांना ती रुचली नाहीं, आणि कालांतरानें मागें पडली. आज जागेची ती टंचाई उरलेली नाहीं. संगणकाच्या युनिकोड नांवाच्या जागतिक अक्षरसंचांत ‘ऱ’ला स्वतंत्र घर आहे. ‘ॲ’लाही २००८ सालीं तें मिळालें. अडचण आतां संचांत नसून बोटांखालीं आहे. आणि बोटांखालची अडचण घरच्या घरीं, दोन-तीन रविवारांच्या कामांत, आणि थोड्याशा गमतीनें दूर करतां येते.

गमतीनें म्हणण्याचें कारण असें, कीं चार-सहा कळांचा फलक हा प्रकार मुळांत खेळण्यांत जमा होणारा. १ एप्रिल २०२१ रोजीं प्रोग्रामरांमध्यें प्रसिद्ध असलेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या कंपनीनें अवघ्या तीन कळांच्या एका फलकाची घोषणा केली. दुसऱ्यानें लिहिलेला मजकूर उचलावा आणि आपल्या कामांत चिकटवावा, एवढ्याच उद्योगासाठीं तो होता. प्रोग्रामर दिवसभर दुसरें करतात तरी काय, असा त्यांतला टोमणा. तारखेवरून थट्टा उघड होती. पण ती थट्टा लोकांना इतकी आवडली कीं त्याच वर्षीं तो फलक खरोखरच बनवून विकावयास काढावा लागला. कारखान्यानें बनविलेली ही थट्टा झाली. पण मराठीच्या एका अडलेल्या अक्षरासाठीं कळ बनविण्यास कोणता कारखाना उभा राहणार? गिऱ्हाइकें मोजून त्याचा हिशेब बसत नाहीं. अशा वेळीं घरांतला प्रिंटर कामास येतो. हा प्रिंटर कागदावर शाई उमटविणारा नव्हे, तर प्लास्टिकची वस्तु थर रचून उभी करणारा होय.

त्याची चाल समजून घेण्यास मराठी घरांत एक सोपें साधन आहे: चकलीचा सोऱ्या. सोऱ्यांतून पीठ दाबून धार काढावी, हात गोल फिरवावा, आणि वेटोळें पुरें झालें कीं थांबावें. प्रिंटरही हेंच करतो. पिठाच्या जागीं १.७५ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार असते. ती सुमारें २०० अंश सेल्सिअस उष्णतेनें वितळते, ०.४ मिलिमीटर छिद्राच्या तोंडांतून बाहेर पडते, आणि तें तोंड आंखून दिलेल्या रेघांवरून फिरत राहतें. एक थर झाला कीं तोंड ०.२ मिलिमीटर वर उचललें जातें व त्यावर दुसरा थर पडतो. ‘सोऱ्या’ हा शब्द लिहावयासही तोच अडलेला ‘ऱ्य’ लागतो, ही गोष्ट जातां जातां ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या युक्तीचा जन्मही खेळण्यांतूनच झाला. अमेरिकेंतील स्कॉट क्रंप या अभियंत्यानें १९८८ सालीं आपल्या लहान मुलीसाठीं बेडूक बनविण्याच्या खटपटींत गरम गोंदाच्या पिस्तुलांत प्लास्टिक व मेणबत्तीचें मेण यांचें मिश्रण भरलें आणि थरावर थर चढविले. हें काम हाताऐवजीं यंत्रानें कां करूं नये, असा विचार त्याच्या मनांत आला. १९८९ मध्यें त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला आणि १९९२ मध्यें तें मिळालें. पुढें २००५ सालीं इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे एड्रियन बोयर यांनीं स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापणारें यंत्र बनविण्याचा उद्योग आरंभिला आणि त्याचे आराखडे जगाला फुकट दिले. २००९ सालीं क्रंप यांचें मूळ पेटंट संपलें. या दोन घटना जुळून आल्या आणि कारखान्यांतलें महागडें यंत्र हौशी माणसाच्या टेबलावर येऊन बसलें.

आतां कळेकडे वळावयास हरकत नाहीं. प्रत्येक कळेच्या टोपीखालीं एक लहानसा स्विच असतो. चेरी नांवाच्या जर्मन कंपनीनें १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं काढलेला ‘एमएक्स’ जातीचा स्विच आज सर्वत्र नमुना मानला जातो. त्याचें पेटंट संपल्यामुळें अनेक कारखाने तसेच स्विच बनवितात आणि ते सुटे मिळतात. पेटीच्या आंत एक स्प्रिंग, एक सरकणारा खुंट आणि तांब्याच्या मिश्रधातूची एक लवचीक पट्टी. खुंट एकंदर ४ मिलिमीटर खालीं जातो. पण सुमारें २ मिलिमीटरवरच पट्टी टेकते आणि मंडल पुरें होतें. हलक्या जातीच्या स्विचाला सुमारें ४५ ग्रॅम वजनाइतका दाब पुरतो. कांहीं जाती मुकाट्यानें खालीं जातात, कांहींना मध्यें किंचित् अडथळा जाणवतो, आणि कांहीं ‘टक्’ असा आवाज करतात. घरांत कोणी झोपलें असेल तर ही शेवटची जात टाळलेली बरी.

स्विच बसविण्यासाठीं वरच्या पाटीला १४ मिलिमीटर बाजूचें चौकोनी भोंक लागतें. भोंकाच्या कांठाशीं पाटीची जाडी १.५ मिलिमीटर असली, तर स्विचाचे दोन्ही दांत खालून पकडतात. दोन कळांच्या मध्यबिंदूंतलें अंतर १९.०५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंच. हे आंकडे कोणत्याही हौशी माणसाला पाठ असतात. नवशिका कारागीर आकृतींत १४ लिहितो, पाटी छापतो, आणि स्विच आंत जात नाहीं. मऊ प्लास्टिक बाहेर पडतांना किंचित् पसरतें, त्यामुळें भोंक १३.८ चें निघतें. अशा वेळीं कानस घेऊन बसूं नये. केवळ एकाच भोंकाचा लहानसा तुकडा १४, १४.१, १४.२ असा तीनदां छापून पाहावा, आणि जो नीट बसेल तें माप आपल्या यंत्राचें समजावें. शिंपी जसा प्रत्येक गिऱ्हाइकाचें माप निराळें घेतो, तसें येथें प्रत्येक प्रिंटरचें माप निराळें घ्यावें लागतें.

खरी परीक्षा टोपीची. टोपीच्या खालच्या बाजूस अधिक-चिन्हाच्या आकाराची खांच असते, आणि स्विचाचा खुंट तींत घट्ट बसतो. टोपी उभी छापली कीं खांचेच्या नळीचे थर एकावर एक आडवे रचले जातात, आणि टोपी ओढून काढतांना नळी नेमकी त्या थरांच्या सांध्यांत तुटते. लांकूड जसें रेषांच्या दिशेनें फुटतें, तसाच हा प्रकार. नळी आडवी निजवून छापावी, तर ती बळकट होते. पण मग टोपीच्या पृष्ठभागावरचें अक्षर चांगलें उमटत नाहीं. अक्षर चांगलें यावयाचें तर टोपी पालथी घालून, पहिले दोन थर निराळ्या रंगाच्या तारेनें छापावे लागतात. अक्षर सुरेख हवें कीं पाया मजबूत हवा, असा हा पेंच आहे. नळी आणि टोपी निरनिराळ्या छापून गोंदानें जोडणें हा त्यांतला मधला मार्ग. दिसावयास ओबडधोबड, पण टिकाऊ.

आणि मग छापलेलें अक्षर हातांत येतें, तेव्हां एक विलक्षण प्रकार दृष्टीस पडतो. टोपीचा माथा उणापुरा १२ मिलिमीटर रुंद. त्यावर ‘ळ’ ठसठशीत उमटतो, ‘ज्ञ’ उमटतो, ‘ॲ’वरचा चंद्रही उमटतो. ‘ऱ्य’ मात्र पाहावा, तर शिरोरेघेखालीं नुसता ‘य’! डावीकडची ती वांकडी रेघ, जिच्यासाठीं हा सारा खटाटोप, तीच नाहींशी झालेली. कारण साधें आहे. ही रेघ बहुतेक टंकांत अणकुचीदार व बारीक काढलेली असते. टोपीवर मावेल इतकें अक्षर लहान केलें कीं तिची जाडी ०.४ मिलिमीटरच्या खालीं उतरते. आणि ज्या तोंडाचें छिद्रच ०.४ चें, त्याला त्याहून बारीक रेघ काढतां येत नाहीं. आकृतीचे थर पाडणारा प्रोग्राम अशी रेघ मुकाट्यानें गाळतो. तो इशारा देत नाहीं, तक्रार करीत नाहीं. टाइपरायटरनें, फोननें आणि घाईंतल्या बोटांनीं जी वागणूक या अक्षराला दिली, तीच तिच्या कैवारासाठीं आणलेल्या यंत्रानेंही द्यावी, यावर हंसावें कीं रागवावें हें कळत नाहीं.

पण येथें एक मोठा फरक आहे. टाइपरायटर घेणाऱ्याला कारखान्याशीं भांडतां येत नव्हतें; घरच्या प्रिंटरच्या धन्याला आकृति बदलतां येते. त्यानें तयार टंक बाजूस ठेवावा आणि ‘ऱ्य’ स्वतः आंखावा, सबंध अक्षर एकाच ०.८ मिलिमीटर जाडीच्या रेघेनें. ०.८ म्हणजे प्रिंटरच्या तोंडाच्या बरोबर दोन फेऱ्या. बोरूच्या लिखाणांतला जाड-बारीकपणा त्यांत राहत नाहीं, अक्षर पाटीवर खडूनें लिहिल्यासारखें दिसतें, ही उणीव मान्य केली पाहिजे. परंतु तें ‘ऱ्य’ म्हणून वाचतां येतें. चार-पांच टोप्या वायां जातात; प्रत्येकीला प्लास्टिक जेमतेम एक-दोन ग्रॅम लागतें, तेव्हां नुकसान वेळेचेंच. साध्या तारेचें प्लास्टिक मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनविलेलें असतें आणि सुमारें ६० अंशांस नरम पडतें. म्हणून नागपूरच्या वैशाखांत बंद मोटारींत हा फलक विसरून जाणें बरें नव्हे.

विजेची जोडणी लोकांना धास्तीची वाटते, पण सहा कळांपुरती ती फार सोपी आहे. शंभराहून अधिक कळांच्या फलकांत प्रत्येक कळेला स्वतंत्र तार देणें परवडत नाहीं. तेथें आडव्या-उभ्या ओळींची जाळी करावी लागते. सहा कळांना सहा तारा आणि सर्वांची मिळून एक सामाईक तार, अशा सात तारांनीं भागतें. त्या तारा एका नियंत्रक पाटीला जोडावयाच्या. जानेवारी २०२१ मध्यें निघालेली रास्पबेरी पाय पिको ही त्यांतली एक स्वस्त पाटी. तिची मूळ किंमत ४ डॉलर. तिच्यावर अशा २६ जोडण्यांची सोय आहे, म्हणजे सहा कळा तिला किरकोळच. प्रत्येक स्विचाच्या दोन पायांना सोल्डरचा डाख लावावा. डाख चमकदार व पसरट दिसला पाहिजे. गोळीसारखा फुगीर दिसला तर तो पकडलेला नाहीं असें समजावें.

धातूची पट्टी धातूवर आदळली कीं ती एकदम स्थिर होत नाहीं. चेंडूसारखी बारीक उसळ्या घेते. हा खेळ सेकंदाच्या कांहीं हजारांश भागांत आटोपतो, पण नियंत्रक इतका चपळ असतो कीं प्रत्येक उसळी त्याला नवा दाब वाटते, आणि ‘कमळ’ लिहावें तर ‘कमळळळ’ उमटतें. म्हणून पहिला स्पर्श झाल्यावर सुमारें ५ हजारांश सेकंद थांबून मगच निर्णय घ्यावा, असें त्याला शिकवावें लागतें. क्यूएमकेसारख्या मोफत प्रोग्रामांत ही सोय तयार असते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवितो, अशी पुष्कळांची समजूत असते; ती खरी नव्हे. तो फक्त कळेचा क्रमांक पाठवितो. त्या क्रमांकाचें अक्षर कोणतें, हें संगणकांत निवडलेली मांडणी ठरविते. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या मानकांत इन्स्क्रिप्ट नांवाची मांडणी दिलेली आहे. तींत इंग्रजी ‘जे’च्या कळेवर ‘र’ आहे, आणि शिफ्ट धरून तीच दाबली कीं ‘ऱ’ मिळतो. ‘डी’च्या कळेवर हलन्त आहे. तेव्हां आपल्या नव्या कळेनें शिफ्टचा २२५ धरून ‘जे’चा १३ पाठवावा, शिफ्ट सोडावी, आणि मग ‘डी’चा ७ पाठवावा. एका दाबांत अर्धा ‘ऱ्’ तयार. त्यापुढें ‘य’ लिहिला कीं सोऱ्या, ‘ह’ लिहिला कीं वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा. टोपीवर ‘ऱ्य’ छापावा, पण कळेनें अर्धा ‘ऱ्’च द्यावा, हें धोरण या कारणासाठीं. ‘ळ’ला शिफ्टसह १७ क्रमांक लागतो. ‘ॲ’ची व ‘ऑ’ची जागा आपापल्या संगणकांतल्या मांडणींत अगोदर तपासून घ्यावी. ‘ॲ’च्या जागीं ‘अ’ काढून त्यावर निराळा चंद्र बसविण्याची संवय अनेकांना आहे. डोळ्यांना तें सारखेंच दिसतें, पण संगणकाला तीं दोन चिन्हें वाटतात. मग एका रीतीनें लिहिलेला ‘ॲसिड’ दुसऱ्या रीतीनें शोधणाऱ्याला बरेचदां सांपडत नाहीं. ही चूक दिसत नाहीं, म्हणूनच ती अधिक त्रासाची.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. ज्याला इन्स्क्रिप्ट येतें त्याला या सहा कळांचें कौतुक कशाला? त्याचीं बोटें ‘ऱ’ आपोआप शोधतात. खरेंच आहे. ज्यानें संगणकांत इंग्रजी मांडणी ठेवली आहे, त्याच्याकडे ही कळ ‘जे’ आणि ‘डी’ हीं इंग्रजी अक्षरेंच उमटविणार, हेंही खरें. पण इन्स्क्रिप्ट मनापासून शिकलेलीं माणसें थोडीं, आणि न शिकतां मराठी लिहिणारीं पुष्कळ. शाळेंतल्या मुलाच्या टेबलावर ‘ऱ्य’ लिहिलेली कळ डोळ्यांसमोर असली, तर असें एक अक्षर आहे आणि तें ‘र्य’हून निराळें आहे, एवढें तरी त्याला रोज दिसेल. पुस्तकांतला नियम मुलाला परीक्षेपुरता आठवतो, बोटाला लागलेली जागा पुढें बरीच वर्षें राहते.

‘ऱ्’, ‘ळ’, ‘ॲ’, ‘ऑ’ आणि ‘ज्ञ’ मिळून पांच कळा झाल्या. सहावी मोकळी ठेवावी आणि तिच्यावर घरच्यांनीं मिळून कांहीं तरी गंमत बसवावी. पत्राच्या शेवटची ‘कळावें, लोभ असावा.’ ही ओळ तिला फार शोभते. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हें धरून हीं १८ चिन्हें एका दाबांत उमटतात. मात्र प्रत्येक दोन क्रमांकांमध्यें किंचित् विसांवा ठेवावा, नाहीं तर जुन्या संगणकांत मधलींच कांहीं चिन्हें गळतात आणि लोभाचा लाभ होत नाहीं.

खोकें बंद करण्यापूर्वीं एक शेवटची गोष्ट. एवढासा प्लास्टिकचा फलक वजनानें फारच हलका होतो, आणि कळ दाबतांच टेबलावरून पुढें सरकतो. तळाला चार रबरी पाय चिकटवावेत, आणि आंत, तारांना लागणार नाहीं अशा बेतानें कागदांत गुंडाळून, वाण्याकडचें शंभर ग्रॅमचें एक जुनें लोखंडी वजन घट्ट बसवावें.